पणजोबा मेथडिस्ट पाळक होते, तर घराण्याचा माग कसा काढायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पणजोबा ‘रेव्हरंड’, म्हणजे चर्चचे पाळक (धर्मगुरू) होते, अमेरिकन मेथडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मिशनमध्ये होते, पुणे, नागपूर, वाशीम अशा त्यांच्या बदल्या होत आणि 1930 च्या आसपास ते वारले, एवढंच घरात ठाऊक आहे. मूळ गाव, त्यांच्या वडिलांचं नाव, पणजीचं माहेर यांपैकी काहीच माहीत नाही. आताच्या मंडळीत (स्थानिक चर्चमध्ये) विचारलं तर ‘जुनी रजिस्टरं नाहीत’ असं उत्तर मिळालं. पुढे काय करावं?

सगळ्यात आधी शोधाची दिशा बदला. शेतकऱ्याच्या घराण्याचा माग गावावरून आणि सातबाऱ्यावरून लागतो. मेथडिस्ट पाळकाचा माग नेमणुकीवरून लागतो. या चर्चमध्ये पाळकाला मंडळी निवडत नाही. वर्षातून एकदा अॅन्युअल कॉन्फरन्स, म्हणजे एका प्रदेशातल्या पाळकांची परिषद भरते, बिशप नेमणुकांची यादी वाचून दाखवतो आणि ती यादी कॉन्फरन्सच्या अहवालात छापली जाते. त्यामुळे पाळक म्हणून त्यांनी काढलेलं जवळजवळ प्रत्येक वर्ष कुठेतरी छापील आहे. आधी ही वर्षवार यादी तयार करा आणि मग त्या त्या ठाण्याची (नेमणुकीच्या जागेची) बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं शोधा. बहुतेक जण उलट करतात. आजच्या मंडळीत जातात, नकार मिळाला की थांबतात. ज्या मंडळीत तुमचं कुटुंब आज आहे तिथे पणजोबा कदाचित दोनच वर्षं होते, आणि त्यांची मुलं जन्मली ती भलत्याच गावी.

यादीकडे वळण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, चर्च नेमकं कोणतं. ‘मेथडिस्ट’ म्हणजे दोन वेगळे प्रवाह. एक ब्रिटिश वेस्लियन, ज्यांचं भारतातलं मोठं काम मद्रास, म्हैसूर, हैदराबाद या भागांत होतं. दुसरा अमेरिकन मेथडिस्ट एपिस्कोपल. मराठी मुलखातला जवळजवळ सगळा मेथडिस्ट पसारा या दुसऱ्याचा. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1870 मध्ये भारतात आले, पुढच्याच वर्षी मुंबईत त्यांच्या सभा सुरू झाल्या आणि त्यातून मंडळ्या उभ्या राहिल्या. 1876 मध्ये साउथ इंडिया कॉन्फरन्स झाली आणि मुंबई-पुणे तिच्यात होतं. 1892 मध्ये बॉम्बे कॉन्फरन्स वेगळी झाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्य प्रांताची स्वतंत्र कॉन्फरन्स निघाली आणि नागपूरचे कागद तिकडे गेले. म्हणजे पणजोबा पुण्याहून नागपूरला गेले असतील, तर एका वर्षी ते बॉम्बेच्या अहवालातून ‘ट्रान्सफर’ होऊन नाहीसे होतील आणि दुसऱ्या अहवालात उगवतील. नाव गायब झालं म्हणजे माणूस वारला असं समजू नका.

मूळ चर्चचं नावही बदलत गेलं. 1939 पर्यंत मेथडिस्ट एपिस्कोपल, नंतर अमेरिकेतल्या तीन शाखा एक होऊन नुसतं मेथडिस्ट चर्च, 1968 पासून युनायटेड मेथडिस्ट. भारतातलं चर्च 1981 मध्ये स्वायत्त होऊन मेथडिस्ट चर्च इन इंडिया झालं. कॅटलॉगमध्ये शोधताना त्या त्या काळाचं नाव घाला. 1905 चा कागद ‘युनायटेड मेथडिस्ट’ या नावाने शोधला तर काहीच हाती लागणार नाही.

दुसरी गोष्ट, पणजोबांचा दर्जा. सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथेच. घरात, गावात, अगदी कबरीवरसुद्धा ‘रेव्हरंड’ किंवा ‘पाळकसाहेब’ असलं, तरी मंडळी सांभाळणारा प्रत्येक माणूस कॉन्फरन्सचा सदस्य नसे. खालून वर पायऱ्या अशा: एक्झॉर्टर (बोध करणारा), लोकल प्रीचर (स्थानिक उपदेशक), मग कॉन्फरन्समध्ये ‘ऑन ट्रायल’ (उमेदवारीवर), मग पूर्ण सदस्य. लोकल प्रीचरचा परवाना स्थानिक क्वार्टर्ली (तिमाही) किंवा डिस्ट्रिक्ट (कॉन्फरन्सच्या पोटविभागाची) कॉन्फरन्स देई आणि दर वर्षी नवा करून देई. असे कित्येक जण शाळामास्तर आणि पाळक अशी दोन्ही कामं करीत आणि जन्मभर त्याच पायरीवर राहत. ते मुख्य नामावलीत सापडणार नाहीत. त्यांना डिस्ट्रिक्टवार लोकल प्रीचरांच्या यादीत आणि नेमणुकांच्या यादीत ठाण्यापुढे ‘सप्लाय’ (सदस्य नसताना जागा सांभाळणारा) म्हणून दिलेल्या नावांत शोधायचं असतं.

कॉन्फरन्सचा अहवाल वाचायची एक पद्धत आहे. त्यातला नोंदींचा मुख्य भाग ठरावीक प्रश्नांच्या स्वरूपात असतो: ऑन ट्रायल कोण घेतले, ट्रायलवर कोण राहिले, पूर्ण सदस्य कोण झाले, डीकन कोण, एल्डर कोण (या दीक्षेच्या दोन पायऱ्या, डीकन आधी), बदलून कोण आले-गेले, कोण निवृत्त, कोण वारले, आणि शेवटी कोणाची नेमणूक कुठे. प्रत्येक प्रश्नाखाली नावं. समजा 1911 च्या अहवालात ते ऑन ट्रायल आहेत. नेहमीच्या क्रमाने दोन वर्षांनी, 1913 मध्ये, ते डीकन आणि पूर्ण सदस्य व्हायला हवेत आणि आणखी दोन वर्षांनी, 1915 मध्ये, एल्डर, कारण अभ्यासक्रम चार वर्षांचा होता. मध्ये वर्ष जास्त गेलं तर परीक्षेचे विषय राहिले असतील, तेही ‘अमुक वर्षाच्या अभ्यासात’ या यादीतून दिसतं. डीकन-एल्डर फार लवकर झालेले दिसले तर ‘मिशनरी रूल’ हे शब्द शोधा, कारण मिशन क्षेत्रासाठी दीक्षा लवकर देण्याची ती सवलत होती. ऑन ट्रायलच्या वर्षावरून वय काढायचा मोह होतो, पण त्याआधी दहा-दहा वर्षं लोकल प्रीचर राहिलेले लोक आहेत. त्या तारखेवरून जन्मसाल धरू नका.

सालांचा घोळही ठरलेला. आपल्याकडच्या कॉन्फरन्स बहुधा थंडीत भरत, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. डिसेंबर 1912 मध्ये वाचलेली नेमणूक म्हणजे प्रत्यक्षात 1913 चं काम. एका कॅलेंडर वर्षात दोन बैठका आणि एका वर्षात एकही नाही, असंही होतं. म्हणून तक्त्यात ‘अहवालाचं साल’ आणि ‘नेमणुकीचा काळ’ असे दोन वेगळे रकाने ठेवा. तिसरा रकाना ठाण्याचा, चौथा डिस्ट्रिक्टचा, पाचवा वरच्या अधिकाऱ्याचा, म्हणजे आधी ज्याला प्रिसायडिंग एल्डर आणि 1908 पासून डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडंट म्हणत त्याचा. हा पाचवा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण पुढे फार उपयोगी पडतो. डिस्ट्रिक्टचा वार्षिक अहवाल हाच माणूस लिहितो आणि खालच्या पाळकांबद्दल दोन ओळी लिहिणाराही तोच.

जुन्या अमेरिकन नियमात एका जागी राहण्याला मुदत होती. 1864 पासून तीन वर्षं, 1888 पासून पाच, आणि 1900 मध्ये ती अट उठली. विसाव्या शतकात कोणी एकाच ठाण्यावर आठ-दहा वर्षं दिसला तर ती छपाईची चूक नाही.

अहवालाचे शेवटचे पानभर तक्ते लोक चाळतही नाहीत, आणि वंशावळीचं सोनं तिथेच असतं. ‘कॉन्फरन्स क्लेमंट्स’ या शीर्षकाखाली निवृत्त पाळक, विधवा आणि लहान मुलं यांना फंडातून दिलेल्या रकमा छापतात. पणजोबा 1930 च्या सुमारास वारले असतील, तर त्या वर्षापुढे पणजीचं नाव ‘मिसेस अमुक’ म्हणून येऊ लागेल आणि काही वर्षं मुलांची संख्याही कळेल. मुलांची रक्कम बंद झाली तर मूल वयात आलं असावं किंवा वारलं असावं. विधवेचं नाव वगळलं गेलं तर ती वारली किंवा तिने पुन्हा लग्न केलं. या रकमा वर्षागणिक ओळीने मांडल्या की घरातल्या माणसांचा हिशेब जुळू लागतो.

मृत्यूच्या वर्षाचा किंवा त्यानंतरच्या वर्षाचा अहवाल काढून त्यातला ‘मेमॉयर्स’ (स्मृतिलेख) भाग वाचा. जन्मगाव, बाप्तिस्मा कोणाच्या हातून, लग्न कधी, किती मुलं, हे सगळं एकाच परिच्छेदात मिळण्याची खरी आशा इथे आहे. पाळकांच्या पत्नींचे स्मृतिलेखही येतात. मात्र हे लेख सहकाऱ्यांनी आठवणीतून आणि भक्तिभावाने लिहिलेले असतात. धर्मांतराची हकिगत त्यात सविस्तर, तारखा ढोबळ. गाव आणि माणसांची नावं घ्या, तारखा दुसरीकडून पडताळा.

हे अहवाल कुठे आहेत? अमेरिकेतल्या न्यू जर्सीत मॅडिसन इथे ड्र्यू विद्यापीठाच्या आवारात युनायटेड मेथडिस्ट चर्चचं मध्यवर्ती अभिलेखागार आहे. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चच्या सगळ्या कॉन्फरन्सांची एकत्र मिनिट्स न्यूयॉर्कहून छापली जात, त्यात भारतातल्या कॉन्फरन्सही असत. त्यांचे बरेच खंड इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहांवर स्कॅन केलेले आहेत. भारतात छापलेले अहवाल हाथीट्रस्टवर भारतातून कधीकधी उघडत नाहीत, तेव्हा तेच इंटरनेट आर्काइव्हवर पाहावेत. मिशनरी सोसायटीचे वार्षिक अहवालही वाचा, ठाण्यांची वर्णनं त्यात जास्त मोकळी असतात. ड्र्यूच्या संग्रहात मिशनचे फोटो अल्बम आहेत, भारताचेही, आणि ते ऑनलाइन पाहता येतात. फोटोखाली बहुतेक वेळा मिशनऱ्याचं नाव असतं आणि आपल्या माणसांना नुसतं ‘मराठी प्रीचर्स’ म्हटलेलं असतं. हे वाचून वाईट वाटतं, पण साल आणि ठाणं जुळलं तर घरातल्या फोटोशी चेहरे ताडून पाहता येतात. आपल्याकडे मुंबई सेंट्रलचं मेथडिस्ट सेंटर, जबलपूरचं लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज आणि बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजचा संग्रह इथे विचारणा करावी. बाप्तिस्म्याची रजिस्टरं मात्र अमेरिकेत कधीच पाठवली जात नव्हती. ती मागितली तर उत्तर नकाराचंच येणार.

स्कॅनमध्ये नाव टाकून शोधण्यावर विसंबू नका. गायकवाड हे एकच आडनाव रोमन लिपीत चार-पाच तऱ्हांनी येतं: शेवटचा ‘ड’ कधी ‘डी’ने तर कधी ‘आर’ने, मधला ‘य’ कधी गाळलेला, ‘व’ कधी ‘डब्ल्यू’ तर कधी ‘व्ही’. त्यावर जुन्या छपाईची ओळख यंत्राला नीट पटत नाही. ठाण्याचं नाव टाकून शोधा आणि पान डोळ्यांनी वाचा. ठाण्याची स्पेलिंगंही जुनीच टाकायची: पुण्याला पूना, खडकीला किरकी, कामठीला कॅम्प्टी, वाशीमला बासीम. मधलं आद्याक्षर वडिलांच्या नावाचं असण्याची शक्यता असते, पण बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेलं दुसरं नावही तसंच लिहीत. एवढ्यावरून वडिलांचं नाव ठरवू नये.

आडनावावरून कॉन्फरन्सही ठरवू नका. भारतीयांमधले पहिले मेथडिस्ट बिशप, 1930 मध्ये निवडले गेलेले जशवंतराव चितांबर, आडनावाने मराठी, पण त्यांचं काम लखनौचं. त्यांचा शोध बॉम्बेच्या कागदांत घेतला तर काय मिळणार?

आता घरातली पेटी. दीक्षेची दोन प्रमाणपत्रं असतात, एक डीकनचं, एक एल्डरचं. त्यांवर बिशपची सही, जागा आणि तारीख असते. तारीख पुसट असेल तर सहीवरून काळ ठरतो: थोबर्न 1888 नंतरचे, वॉर्न 1900 नंतरचे, ओल्डम 1904 नंतरचे. ‘जे. रॉबिन्सन’ दिसलं तर जपून. जॉन एडवर्ड रॉबिन्सन 1904 मध्ये बिशप झाले, जॉन वेस्ली रॉबिन्सन 1912 मध्ये. मधलं अक्षर नीट वाचलं नाही तर आठ वर्षांची चूक होते. कौटुंबिक बायबलची पहिली आणि शेवटची कोरी पानं, प्रार्थनासंग्रहात दाबलेली दफनविधीची पत्रिका, मिशनने दिलेलं शिफारसपत्र, सगळ्याचे फोटो काढून ठेवा. पानाच्या मागची बाजूही घ्या.

नेमणुकांचा तक्ता झाला की स्थानिक रजिस्टरांकडे. आता तुम्ही ‘जुनं काही आहे का’ असं विचारत नाही. ‘1913 ते 1916 चं बाप्तिस्मा रजिस्टर पाहायचं आहे’ असं विचारता, आणि उत्तर बदलतं. पाळकाकडे नसेल तर डिस्ट्रिक्ट सुपरिटेंडंटच्या कार्यालयात विचारा. खेड्यांतल्या बाप्तिस्म्यांची नोंद बहुतेकदा सर्किटच्या (एका पाळकाकडच्या मंडळ्यांच्या गटाच्या) मुख्य ठाण्याच्या रजिस्टरात असते, खेड्याच्या नावाने स्वतंत्र वही नसते. पाळकाच्या स्वतःच्या मुलाचा बाप्तिस्मा कॉन्फरन्सच्या वेळी बिशपच्या किंवा सुपरिटेंडंटच्या हातून झाला असेल, तर नोंद कॉन्फरन्स भरली त्या शहरात जाऊ शकते. म्हणून तक्त्यात बैठकीचं गावही टिपून ठेवा.

लग्नाची नोंद सर्वांत भरवशाची, कारण तिला कायद्याचा आधार आहे. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखालच्या रजिस्टरात वधूवरांचं वय, धंदा, राहण्याचं ठिकाण आणि दोघांच्या वडिलांची नावं असे रकाने होते. पणजीच्या माहेरचा धागा इथूनच मिळतो. नोंदीच्या नकला सरकारी निबंधकाकडे जात, तेव्हा मंडळीचं रजिस्टर वाळवीने खाल्लं असलं तरी वाट संपत नाही. त्या कायद्यात हिंदी (म्हणजे भारतीय) ख्रिस्ती वराचं मूळ किमान वय 16 आणि वधूचं 13 होतं. वधूचं वय 13-14 दिसलं तर दचकू नका, आणि ते आकडे तंतोतंत खरेही मानू नका.

पणजीसाठी आणखी एक जागा: अमेरिकन मेथडिस्ट स्त्रियांच्या परदेशी मिशनरी सोसायटीचे, म्हणजे 1869 मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या संस्थेचे अहवाल, आणि वुमन्स कॉन्फरन्सची मिनिट्स. पाळकांच्या बायका बायबलबाई (घरोघरी बायबल शिकवणारी) किंवा शिक्षिका म्हणून काम करीत आणि ठाण्यावार त्यांची नावं त्यात येतात. पतीच्या अहवालात जिचं नाव एकदाही येत नाही ती इथे स्वतःच्या कामासह सापडते. हे अहवाल न वाचता शोध पूर्ण झाला असं म्हणू नये.

मुलांच्या शाळांना विसरू नका. पाळकांची मुलं मिशनच्या बोर्डिंगमध्ये शिकली. शाळेच्या जनरल रजिस्टरात जन्मतारीख, जन्मगाव, धर्म आणि पुष्कळदा ‘हिंदी ख्रिस्ती’च्या जोडीला पूर्वीची जातही लिहिलेली असते. जन्मतारीख 1 जून असेल तर ती मास्तरांनी बसवलेली असण्याचीच शक्यता जास्त. जन्मगाव मात्र नेमणुकांच्या तक्त्याशी ताडा. ते जुळलं तर तुमचा तक्ता बरोबर आहे. मुख्याध्यापकांना नातं दाखवणाऱ्या कागदाच्या प्रतीसह लेखी अर्ज करा. मराठीत निधन आणि लग्नाच्या बातम्यांसाठी ‘ज्ञानोदय’ पाहा. 1842 पासूनचं ते पत्र अमेरिकन मराठी मिशनचं, पण इतर मिशनांच्या माणसांच्या बातम्याही त्यात येतात.

आता जिथे शोध खरोखर अडतो ती जागा. 1896-97 आणि 1899-1900 च्या दुष्काळांत हजारो मुलं मिशनच्या अनाथालयांत आली आणि पुढच्या पिढीतले कितीतरी पाळक त्यांतूनच निघाले. त्यांच्या कागदांत वडिलांचं नाव नसणं हे तुमच्या शोधाचं अपयश नाही, ते नाव कोणी लिहूनच घेतलं नव्हतं. मुलाचा खर्च उचलणाऱ्या परदेशी देणगीदाराने सुचवलेलं नाव ठेवण्याची प्रथाही होती. म्हणून पाळकाचं आडनाव इंग्रजी दिसलं की इंग्रज पूर्वज शोधत बसू नका, आधी अनाथालयाची वही शोधा. पाळकांच्या बायकांपैकी काही केडगावच्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमधून आल्या. रमाबाईंनी त्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून मुली आणल्या होत्या, त्यामुळे पणजी मुक्तीची असेल तर तिचं माहेर मराठी मुलखात असेलच असं नाही.

तुमच्या प्रश्नात वाशीम आहे म्हणून हे मुद्दाम: 1930 च्या दशकात वाशीमचं मेथडिस्ट काम चर्च ऑफ द नाझरीन या दुसऱ्या अमेरिकन प्रोटेस्टंट चर्चकडे गेलं. तिथली जुनी मेथडिस्ट मंडळी आज त्या नावाने सापडणार नाही. विचारणा नाझरीन मंडळीकडे करा. हस्तांतराच्या वेळी काही कुटुंबं तिथेच राहून नाझरीन झाली, काही पाळक मेथडिस्ट राहून दुसरीकडे गेले. एकाच घराण्याच्या दोन शाखा दोन चर्चमध्ये दिसण्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

1870-80 च्या दशकातले पुण्या-मुंबईचे मेथडिस्ट मात्र बहुतेक इंग्रजी बोलणारे, अँग्लो-इंडियन किंवा युरोपीय, कारण टेलर यांच्या मंडळ्या आधी त्यांच्यातच उभ्या राहिल्या. तुमची एखादी शाखा तशी असेल तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या ‘एन/3’ मालिकेत बॉम्बे प्रेसिडेन्सीच्या चर्च नोंदींच्या नकला आहेत. पूर्वज ब्रिटिश वेस्लियन मिशनरी असेल तर लंडनच्या सोआस या विद्यापीठातले मेथडिस्ट मिशनरी सोसायटीचे कागद आणि मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयातला मेथडिस्ट संग्रह पाहावा.

अभिलेखागाराला पत्र लिहिताना घराण्याची कहाणी लिहू नका. पूर्ण नाव आणि त्याची संभाव्य रोमन रूपं, कॉन्फरन्स, माहीत असलेली ठाणी सालांसह, मृत्यूचा अंदाजे काळ, आणि मग नेमकी मागणी: ‘1928 ते 1933 च्या बॉम्बे आणि मध्य प्रांत कॉन्फरन्स अहवालांतला स्मृतिलेख, सदस्यांची कालानुक्रमे नामावली आणि क्लेमंट्सची यादी.’ एका पत्रात एकच माणूस. नामावलीत ऑन ट्रायलचं साल एका ओळीत मिळतं, आणि ते मिळालं की मधली सगळी वर्षं तुम्हाला स्वतः स्कॅनमध्ये भरता येतात.

रजिस्टरांत जात सापडेल, अनाथ असल्याची नोंद सापडेल, कधी कॉन्फरन्समधून काढून टाकल्याचीही. वंशावळ ऑनलाइन टाकण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना आणि दुसऱ्या शाखांतल्या चुलतभावंडांना ती दाखवा. त्या ओळीतली काही माणसं हयात आहेत, आणि कोणती नोंद उघड करायची हे ठरवण्याचा त्यांचाही हक्क आहे.